सेकंड लाइफच्या रस्त्यांवर विनाचालक गाडी कशी सोडावी

सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीने जून 2003 मध्ये सर्वांसाठी खुल्या केलेल्या सेकंड लाइफ या आभासी जगात मेनलँड या नावाने ओळखले जाणारे अनेक खंड आहेत आणि त्या खंडांवर कंपनीने स्वतः बांधलेले, सर्वांना वापरता येणारे रस्ते आहेत. अशा रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभे राहिले, तर कधी कधी एखादी छोटी गाडी चालकाशिवाय येताना दिसते. तिच्यात कोणीही बसू शकतो. ती घाट, पूल, गावे आणि ओसाड माळ दाखवत पुढे नेते, आणि आपण मध्येच उतरलो तरी आपल्या वाटेने निघून जाते. नव्याने आलेल्या माणसाला हे जग दाखवण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही, कारण टेलिपोर्टने एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणाऱ्याला मधला मुलूख कधीच दिसत नाही.

अशी गाडी बनवून ती रोज विनातक्रार चालावी, यासाठी काय काय करावे लागते ते या लेखात सांगितले आहे. या जगातल्या वस्तूंना हालचाल देणाऱ्या लिंडन स्क्रिप्टिंग लँग्वेज या भाषेची, म्हणजे एलएसएलची, तोंडओळख वाचकाला आहे असे मी गृहीत धरले आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. गाडीला रस्ता ‘ओळखता’ यावा म्हणून मी सुरुवातीला बरेच महिने घालवले आणि ते बहुतेक वाया गेले. गाडी हुशार नसली तरी चालते. ती अडकल्यावर तिचे काय होणार, हे मात्र ती रस्त्यावर येण्यापूर्वीच ठरलेले असले पाहिजे.

आधी रस्ता पायी चालावा

सेकंड लाइफची जमीन 256 मीटर लांब आणि तेवढ्याच रुंद चौकोनांत विभागलेली आहे. या चौकोनाला रीजन म्हणतात आणि प्रत्येक रीजन सर्व्हरवर स्वतंत्रपणे चालतो. गाडी सेकंदाला 6 मीटर वेगाने गेली तर सरळ रस्त्यावर एक रीजन पार करायला तिला सुमारे 43 सेकंद लागतात. पहिल्या गाडीसाठी सहा ते आठ रीजनांपेक्षा लांब मार्ग घेऊ नये. हेटेरोसेरा हा खंड सुरुवातीला सोयीचा आहे. मधल्या पाण्याभोवती कड्यासारखी जमीन, तिच्यावरून जाणारा रस्ता आणि पतंगांच्या जातींवरून ठेवलेली रीजनांची नावे, यांमुळे नकाशा लवकर लक्षात राहतो.

मार्ग ठरल्यावर तो पूर्ण पायी चालावा, आणि चालताना व्ह्यूअरमध्ये, म्हणजे हे जग पाहण्याच्या प्रोग्राममध्ये, भूखंडांच्या हद्दी दाखवण्याची सोय चालू ठेवावी. रस्त्याची जमीन ‘गव्हर्नर लिंडन’ या खात्याच्या नावावर असते. जिथे ती तशी नाही, तिथे आपण कोणाच्या तरी खाजगी जागेत शिरत आहोत हे ओळखावे. वळणाच्या आतल्या बाजूला आणि जुन्या, अरुंद रस्त्यांवर असे कोपरे हमखास सापडतात. त्या भूखंडावर बाहेरच्या वस्तूंना प्रवेश बंद असेल, तर गाडी हद्दीवरच थांबेल. प्रवेश खुला असेल, तर गाडी आत जाईल आणि जागेचा मालक कदाचित नाराज होईल. दोन्ही टाळायचे असेल तर गाडीची चाकोरी कंपनीच्या जमिनीच्या आतच राहील अशी आखावी, मग वळण थोडे मोठे झाले तरी चालेल.

आणखी एक सूचना विशेषतः आपल्याकडच्या वाचकांसाठी आहे. या जगात अमेरिकेतल्या प्रथेप्रमाणे रस्त्याच्या उजव्या बाजूने वाहन चालवतात. मी माझा पहिला मार्ग सवयीने डावीकडून नोंदवला, आणि समोरून गाडी चालवत येणाऱ्या एका रहिवाशाने थांबून सांगेपर्यंत ते माझ्या ध्यानातही आले नव्हते. सगळी नोंद पुन्हा करावी लागली.

मार्गाची नोंद

हेटेरोसेरावरच्या रेल्वेमार्गात रुळांसोबत अदृश्य मार्गदर्शक तुकडे बसवलेले आहेत आणि आगगाडीची स्क्रिप्ट सेन्सरने ते शोधत पुढे जाते. रस्त्यांवर असे काही नसते. रस्त्याचा रंग, कठडे किंवा मधल्या पिवळ्या रेषा यांपैकी काहीही स्क्रिप्टला ‘दिसत’ नाही. पाथफाइंडिंग ही 2012 मध्ये आलेली यंत्रणा हालचालीचा नकाशा एका रीजनपुरताच बनवते, म्हणून लांबच्या प्रवासाला तिचाही उपयोग नाही. त्यामुळे मार्ग माणसानेच बिंदू-बिंदूने नोंदवून गाडीला द्यायचा, हाच खात्रीचा उपाय उरतो.

नोंदीसाठी अवताराला, म्हणजे या जगातल्या आपल्या रूपाला, जोडता येईल असे एक साधे बटण बनवावे. बटण दाबले की त्याने रीजनचे नाव आणि त्या ठिकाणचे निर्देशांक फक्त मालकाला दिसतील असे छापावेत. फेरी संपल्यावर त्या ओळी उचलून नोटकार्डात, म्हणजे गाडीत ठेवता येणाऱ्या मजकुराच्या फाइलीत, चिकटवाव्यात. सरळ रस्त्यावर वीस मीटरला एक बिंदू पुरतो. वळणावर तीन-चार मीटरला एक घ्यावा, नाहीतर गाडी वळणाचा आतला कोपरा कापून पदपथावर चढते. उंचीची नोंद मात्र अवतारावरून घेऊ नये, कारण प्रत्येकाच्या अवताराची उंची निराळी असते. जमिनीची उंची देणारे फंक्शनही इथे कामाचे नाही, कारण ते पायाखालच्या मातीची उंची सांगते आणि रस्ता हा बहुधा मातीवर ठेवलेला वेगळा तुकडा असतो. पुलावर तर ते फंक्शन सरळ खालच्या नदीच्या तळाची उंची देते. एलएल-कास्ट-रे या फंक्शनने अवतारापासून सरळ खाली किरण टाकावा, अवतारांना त्यातून वगळावे, आणि किरण ज्या पृष्ठभागाला प्रथम लागेल ती रस्त्याची उंची समजावी. हे फंक्शन वेळेची मर्यादा ओलांडली गेल्यास उत्तराऐवजी ऋण संकेतांक देते; तसे झाल्यास तो बिंदू टाकून पुन्हा बटण दाबावे.

सर्व बिंदू संपूर्ण जगाच्या एकाच मापात ठेवण्याचा मोह होतो, कारण मग रीजन बदलण्याचा हिशेब करावा लागत नाही. तसे करू नये. एलएसएलमधली दशांश संख्या 32 बिटांची असते, आणि नकाशाच्या मुळापासून अंतर अडीच लाख मीटरच्या घरात गेले की तिची अचूकता दीड सेंटिमीटरपर्यंत खाली येते. गाडी त्यामुळे रस्ता सोडत नाही, पण बारीक थरथरते. प्रत्येक बिंदू त्याच्या रीजनच्या नावाखाली आणि 0 ते 256 या स्थानिक मापातच लिहावा. याचा दुसरा फायदा अधिक मोठा आहे: गाडी भलत्याच ठिकाणी पोहोचली, तर आपण कुठल्या रीजनमध्ये आहोत हे नाव वाचून तिला समजते, आणि ते नाव यादीत नसेल तर आपण चुकलो हेही समजते.

मोनो पद्धतीने संकलित केलेल्या स्क्रिप्टला 64 किलोबाइट स्मृती मिळते. संपूर्ण मार्ग तिच्यात भरण्याऐवजी नोटकार्डातून चालू रीजन आणि पुढचा रीजन एवढेच बिंदू वाचून ठेवावेत आणि मागचे सोडून द्यावेत.

गाडीची चाल

गाडी हलवण्याच्या तीन पद्धती आहेत. पहिली म्हणजे भौतिक वाहन: वाहनाचा प्रकार ठरवून त्याला मोटर लावायची. हाताने चालवायच्या गाडीसाठी ती उत्तम आहे, पण चालक नसलेली भौतिक गाडी एखाद्या दगडाला धडकून कलंडली की तिला सरळ करणारे कोणी नसते. दुसरी म्हणजे टाइमर लावून गाडीला थोडे थोडे सरकवत नेणे. ती सोपी आहे, पण बसणाऱ्याला सतत हिसके जाणवतात. तिसरी पद्धत एलएल-सेट-कीफ्रेम्ड-मोशन या फंक्शनची आहे आणि माझ्या मते रस्त्यावरच्या फिरत्या गाडीसाठी तीच घ्यावी. यात गाडीला टप्प्यांची यादी एकदाच द्यायची असते; त्यानंतर हालचाल सर्व्हर स्वतः करतो आणि ती लोण्यासारखी होते.

या पद्धतीच्या अटी नीट समजून घ्याव्यात. गाडी भौतिक नसावी. फंक्शन फक्त मूळ तुकड्यातील, म्हणजे ज्याला गाडीचे बाकीचे तुकडे जोडलेले असतात त्या तुकड्यातील, स्क्रिप्टनेच बोलवावे. गाडीची मोजणी नव्या लँड इम्पॅक्ट पद्धतीने, म्हणजे वस्तू जमिनीच्या क्षमतेतला किती वाटा घेते ते मोजण्याच्या पद्धतीने, झालेली असावी. त्यासाठी एखाद्या तुकड्याचा भौतिक आकार ‘कॉन्व्हेक्स हल’ केला तरी पुरते. प्रत्येक टप्प्याचा वेळ सेकंदाच्या नवव्या भागापेक्षा कमी चालत नाही, आणि प्रत्यक्षात तो सेकंदाच्या पंचेचाळिसाव्या भागाच्या पटीत पूर्णांकित होतो. टप्प्यांत द्यायची जागा आणि दिशा मागच्या टप्प्याच्या तुलनेत असते. म्हणजे ‘या निर्देशांकावर जा’ असे सांगता येत नाही. ‘आहेस तिथून इतके पुढे जा आणि इतके वळ’ असेच सांगावे लागते. वळण काढताना नव्या दिशेला जुन्या दिशेने भागावे, आणि आलेले उत्तर प्रमाणित करून, म्हणजे त्याची लांबी पुन्हा एक करून, मगच यादीत घालावे. ही प्रमाणित करण्याची पायरी गाळली तर बारीक चुका साचत जातात आणि दहाव्या-बाराव्या वळणानंतर गाडी एका अंगावर कललेली दिसते.

तुलनेच्या या हिशेबामुळे जागेतही चूक साचते. म्हणून आठ-दहा बिंदूंची एक यादी संपली, की पुढची यादी देण्यापूर्वी गाडीने आपली खरी जागा विचारून घ्यावी आणि पहिला टप्पा त्या खऱ्या जागेपासून मोजावा.

या पद्धतीने चालणारी गाडी भिंतीला अडत नाही, दुसऱ्या तशाच गाडीलाही अडत नाही; ती त्यांच्यातून आरपार जाते. माणसाला मात्र ती ढकलते. रस्त्याच्या मधोमध उभे राहून मित्राशी बोलणाऱ्या अवताराला एका रिकाम्या गाडीने ढकलत खाली पाण्यात नेणे योग्य नाही. दर अर्ध्या सेकंदाला गाडीच्या नाकापासून आठ मीटर पुढे किरण टाकावा. त्यात अवतार किंवा भौतिक वाहन आढळले तर हालचाल तात्पुरती थांबवण्याची आज्ञा द्यावी, आणि वाट मोकळी झाल्यावर ती पुन्हा सुरू करावी. वीस सेकंद थांबूनही वाट मोकळी झाली नाही, तर समोरच्याला एक नम्र संदेश पाठवावा. हॉर्न वाजवण्याची सोय मी नंतर काढून टाकली, कारण रस्त्याकाठच्या घरांत राहणाऱ्यांना तो दिवसभर ऐकावा लागत होता.

शीव ओलांडताना

एका रीजनमधून दुसऱ्या रीजनमध्ये जाणे म्हणजे गाडीची, तिच्यातल्या प्रत्येक स्क्रिप्टच्या चालू अवस्थेची आणि तिच्यावर बसलेल्या माणसाची जबाबदारी एका रीजनच्या यंत्रणेने दुसऱ्याकडे सोपवणे. गाडी आणि माणूस एकाच क्षणी पोहोचतील असे नाही. स्वयंचलित गाड्यांचे बहुतेक बिघाड या एका रेषेवर होतात, म्हणून गाडीवर खर्च करायच्या वेळातला अर्धा वेळ मी शिवेसाठी राखून ठेवतो.

माझी पुतणी पहिल्यांदा माझ्या गाडीत बसली, तेव्हा दुसरी शीव ओलांडताच तिने लिहिले, ‘‘काका, गाडी समुद्रात चालली आहे!’’ मला माझ्या पडद्यावर गाडी रस्त्यावर उभी दिसत होती. नव्या सर्व्हरकडून माहिती येईपर्यंत व्ह्यूअर शेवटच्या ज्ञात वेगाने गाडीला पुढे नेत राहतो, आणि शिवेपाशी रस्ता डावीकडे वळत असल्यामुळे तिला गाडी सरळ पाण्यात जाताना दिसली. चार-पाच सेकंदांनी चित्र ठिकाणावर आले, पण तोवर घाबरून तिने उठण्याचे बटण दाबले होते आणि ती खरोखरच रस्त्याच्या कडेला उभी राहिली होती.

तेव्हापासून माझी गाडी धावत शीव ओलांडत नाही. मार्गातला शेवटचा बिंदू शिवेच्या दोन मीटर अलीकडे ठेवावा आणि तिथे गाडी पूर्ण थांबवावी. यादी रिकामी देऊन हालचाल रद्द करावी आणि एक सेकंद जाऊ द्यावा, म्हणजे व्ह्यूअरकडचा शेवटचा वेग शून्य होतो. मग दोन गोष्टी तपासाव्यात. एलएल-एज-ऑफ-वर्ल्ड हे फंक्शन त्या दिशेला शेजारी आहे की नाही ते सांगते. शेजारचा रीजन बंद असेल तर पुढे जमीनच नसते, आणि अशा वेळी पुढे ढकललेली वस्तू जगाबाहेर पडून मालकाच्या ‘लॉस्ट अँड फाउंड’ फोल्डरात जाते. दुसरे म्हणजे पुढच्या रीजनचे नाव नोटकार्डात आधीच लिहिलेले असल्यामुळे त्याची स्थिती नाव देऊन विचारता येते. उत्तर ‘चालू’ असे आले तरच पुढे जावे.

आता एलएल-सेट-रीजन-पॉस या फंक्शनने गाडीला शिवेपलीकडे दोन मीटरवर ठेवावे. रीजनच्या बाहेर दहा मीटरपर्यंतची जागा हे फंक्शन स्वीकारते, त्यामुळे एवढे अंतर आरामात बसते. त्याने परत दिलेल्या उत्तरावर विसंबून राहू नये. रीजन बदलल्याची घटना स्क्रिप्टला मिळाली, आणि त्यानंतर वाचलेले रीजनचे नाव नोटकार्डातील नावाशी जुळले, तरच शीव ओलांडली असे मानावे. प्रवासी असेल तर त्याच्या अवताराचा आकार विचारत राहावे. तो शून्य येत आहे तोवर माणूस अजून पोहोचलेला नाही, म्हणून गाडीने हलू नये. अर्ध्या मिनिटातही तो पोहोचला नाही तर त्याला आसनावरून मोकळे करून गाडीने पुढे निघावे. त्या माणसाचा संपर्क बहुधा तुटलेला असतो आणि रिकामी गाडी धरून ठेवण्यात कोणाचेच भले नसते.

चार रीजन जिथे एकमेकांना भिडतात त्या कोपऱ्याजवळून मार्ग कधीही नेऊ नये. तिथे काही मीटरांत दोन शिवा येतात, आणि पहिली पुरी व्हायच्या आत दुसरी सुरू झाली तर प्रवासी गाडीपासून सुटतो. कोपऱ्यापासून पंधरा मीटर तरी दूर राहावे. रस्ताच तसा नसेल तर त्या रस्त्याचा नाद सोडावा.

गाडीत स्क्रिप्टा जितक्या कमी, तितकी शीव हलकी. चार चाकांना चार स्क्रिप्टा लावण्यापेक्षा चाके फिरवण्यासाठी पोताच्या (टेक्श्चरच्या) ॲनिमेशनचा उपयोग करावा, कारण ते एकदा सुरू केले की स्क्रिप्ट लागत नाही.

आगार आणि हरवलेल्या गाड्या

आपल्या एसटीप्रमाणेच या गाड्यांनाही आगार लागते. मार्गाला लागून एखादा लहान भूखंड असावा आणि तिथल्या एका वस्तूने ठराविक वेळाने नवी गाडी बाहेर काढावी. प्रीमियम, म्हणजे वर्गणी भरणाऱ्या, सदस्याच्या वाट्याला येणारी 1024 चौरस मीटर जमिनीची सवलत यासाठी भरपूर झाली. प्रत्येक गाडीचे आयुष्य एका फेरीपुरतेच असावे: आगारातून निघावी, मार्ग पूर्ण करावा आणि शेवटच्या थांब्यावर एलएल-डाय या फंक्शनने स्वतःला पुसून टाकावे. एकच गाडी दिवसेंदिवस फिरवत ठेवली तर तिच्यात चुका साचतात. दर फेरीला नवी गाडी नव्या कोऱ्या अवस्थेत निघते. या फंक्शनने पुसलेली वस्तू इन्व्हेंटरीत, म्हणजे मालकाच्या सामानात, परत येत नाही, म्हणून ज्या वस्तूची प्रत काढता येते तिच्यातच ते वापरावे.

हे सारे मला ठाऊक असूनही माझ्या हातून एक मोठी चूक झाली. माझे आगार दर वीस मिनिटांनी गाडी काढत असे, पण आधीच्या गाडीचे काय झाले हे विचारत नसे. एका रात्री मार्गातला एक रीजन बंद पडला. शिवेच्या अलीकडे रस्ता एका रहिवाशाच्या भूखंडाच्या कोपऱ्यावरून जात होता आणि त्या भूखंडावर परक्या वस्तू ठराविक वेळाने परत पाठवणारे ऑटो-रिटर्न लावलेले नव्हते. प्रत्येक गाडी तिथे येऊन शेजारी रीजनची वाट पाहत थांबली. 1024 चौरस मीटरच्या त्या जागेची क्षमता 351 लँड इम्पॅक्ट; घर आणि बाग मिळून 100 आधीच वापरलेले; माझी प्रत्येक गाडी 14 ची. सतरा गाड्या मावल्या, अठरावी हद्दीवर अडली. सकाळी त्या गृहस्थांचे पत्र आले होते. रात्री पाहुणे येणार होते आणि त्यांना अंगणात चार खुर्च्याही मांडता आल्या नव्हत्या. मी स्वतः जाऊन माफी मागितली आणि त्यानंतर पुढची व्यवस्था लिहीपर्यंत एकही गाडी सोडली नाही.

पहिली गोष्ट म्हणजे गाडीतला मरणाचा टाइमर. मागच्या दोन मिनिटांत गाडी एक मीटरही सरकली नाही आणि तिच्यावर कोणी बसलेले नाही, तर तिने कारण न शोधता स्वतःला पुसावे. प्रवासी असेल तर त्याला संदेश द्यावा, मोकळे करावे आणि मग पुसावे. हा टाइमर चालीच्या स्क्रिप्टपासून वेगळ्या, छोट्या स्क्रिप्टमध्ये असावा, कारण मुख्य स्क्रिप्ट स्मृती संपून बंद पडली तरी हा चालू राहिला पाहिजे. दुसरी गोष्ट म्हणजे फेरीची एकूण मर्यादा. बारा मिनिटांच्या फेरीला पंचवीस मिनिटे दिली की पुरे. त्यानंतर गाडी कुठेही असो, तिचे आयुष्य संपले. ज्या भूखंडावर स्क्रिप्ट चालवायला बंदी आहे तिथे मात्र दोन्ही टाइमर गोठतात, आणि म्हणूनच रस्त्याची हद्द पायी तपासण्यावर मी सुरुवातीला इतका भर दिला.

तिसरी गोष्ट आगाराच्या बाजूची आहे. रीजनभर ऐकू जाणारा संदेश शिवेपलीकडे पोहोचत नाही, त्यामुळे गाडीने आगाराशी ईमेलने बोलावे. या जगात प्रत्येक वस्तूला स्वतःचा पत्ता असतो आणि एक वस्तू दुसरीला पत्र पाठवू शकते. पाठवणारी स्क्रिप्ट प्रत्येक पत्रानंतर वीस सेकंद थांबते, म्हणून तेही काम वेगळ्या स्क्रिप्टकडे द्यावे. दर रीजनला एक ‘पोहोचले’, आणि स्वतःला पुसण्याआधी एक ‘संपले’, एवढे पुरते. शेवटचे पत्र निघेपर्यंत पुसण्याची क्रिया थांबवून ठेवावी. आगाराने ‘संपले’ आल्याशिवाय पुढची गाडी काढू नये. एक तासभर काहीच कळले नाही, तर मालकाला कळवून आगाराने स्वतः बंद व्हावे. आपोआप पुन्हा सुरू होणारे आगार मी आता ठेवत नाही.

प्रवाशांसाठी

बसण्याची जागा आधी ठरवून द्यावी, म्हणजे माणूस छपरावर बसत नाही. वाटेतील ठिकाणांची माहिती सर्वांना ऐकू जाईल अशी न बोलता फक्त बसलेल्याला पाठवावी. ही माहिती मराठीत देता येते आणि मी ती इंग्रजीबरोबर देतोही. फक्त हिशेब लक्षात ठेवावा: एका संदेशाची मर्यादा 1024 बाइट आहे आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून काना-मात्रा धरून साधारण 340 चिन्हांतच वाक्य संपवावे. गाडीवर तरंगणाऱ्या मजकुराला 254 बाइटच मिळतात, म्हणजे 84 चिन्हे. वस्तूच्या नावात देवनागरी चालत नाही. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात, म्हणून नाव रोमन लिपीतच ठेवावे. त्या नावात गाडी स्वयंचलित असल्याचे स्पष्ट असावे, आणि स्पर्श केल्यावर मालकाशी संपर्क साधण्याची सोय मिळावी. तक्रार करायला माणूस सापडला की तक्रारी सौम्य राहतात. गाडीवर जाहिरात लावू नये.

चाचणी

थेट मुख्य जगात चाचणी करू नये. सेकंड लाइफच्या मुख्य जाळ्याचे नाव अग्नी आहे आणि चाचणीसाठीच्या जाळ्याचे अदिती. ही नावे अशी ठेवली गेली याचे मला प्रथम वाचले तेव्हापासून अप्रूप आहे. अदितीवर त्याच खात्याने जाता येते आणि तिथे काही बिघडले तर कोणाचे नुकसान होत नाही. ज्यांना इंटरनेटविना रात्री बसून काम करायचे आहे, त्यांनी ओपनसिम्युलेटर हे मोफत सॉफ्टवेअर आपल्या संगणकावर चालवावे. एकमेकांना लागून दोन रीजन उभे केले की शिवेचा बराचसा अभ्यास घरीच होतो. मात्र तिथली भौतिकी निराळी असल्यामुळे शेवटची खात्री अदितीवरच करावी.

चाचणीत गाडी नीट चालते की नाही हे पाहण्यापेक्षा ती मुद्दाम बिघडवून पाहावी. नोटकार्डातील एका रीजनचे नाव चुकीचे लिहावे. फेरीच्या मध्यावर मुख्य स्क्रिप्ट थांबवावी. शीव ओलांडताना व्ह्यूअर बंद करावा. दुसऱ्या अवताराला रस्त्यात उभे करून निघून जावे. या चारही वेळी गाडी पंचवीस मिनिटांच्या आत नाहीशी झाली आणि आगार थांबले, तर ती मुख्य रस्त्यावर न्यायला हरकत नाही.

पहिला आठवडा दिवसाला दोनच फेऱ्या ठेवाव्यात आणि निदान एका फेरीत स्वतः बसावे. मंगळवारी आणि बुधवारी सर्व्हर सहसा टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू केले जातात. कंपनीचा दिवस पॅसिफिक वेळेने चालतो, म्हणून भारतात ते काम संध्याकाळी आणि रात्री होते, आणि त्या दोन संध्याकाळी आगार बंद ठेवलेले बरे. रोज सकाळी ‘लॉस्ट अँड फाउंड’ फोल्डर उघडावा. तिथे गाडी आढळली तर ती कोणत्या रीजनमधून परत आली हे तिच्यासोबत आलेल्या सूचनेत लिहिलेले असते. ते नाव वहीत टिपावे, गाडी पुसावी, आणि तेच नाव दुसऱ्यांदा आले तर त्या शिवेवर पुन्हा पायी जाऊन पाहावे.